येडशीच्या घाटातली पानगळ, एकास सत्त्याऐंशी

मंडळी, आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. पन्नाशी उलटली आहे, पण घराच्या तळघरात तो छोट्या आगगाड्यांचा पसारा मांडून बसला आहे. त्याला खेळ म्हटले की राग येतो. तिकडे 'लेआउट' म्हणतात. त्याने मांडायला घेतली आहे ती आपली बार्शी लाईट, आणि तीही रामलिंग ते तडवळे एवढाच तुकडा. रूळ झाले, स्टेशने झाली, मग त्याने झाडांचा एक तयार खोका मागवला आणि फोटो पाठवला. "मामा, पंचवीस झाडं आणलीत, सगळी ऑटमची. येडशीला शोभतील ना?" खोक्यात लाल, शेंदरी, केशरी झाडे. मेपलची. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते इतके लांबले, की म्हटले ब्लॉगवरच टाकावे. त्यानेही इथेच वाचावे, म्हणजे टपालखर्च वाचला.

येडशीला पानगळ आहे, पण ती ऑक्टोबरात नाही, एकदम नाही आणि लाल तर नाहीच. ही तीन 'नाही' पुरी झाली की मग झाडे करायला घ्यावीत.

आधी शब्दाचा घोळ. इंग्रजीच्या पुस्तकात 'ऑटम' आला की आमची मुले डोळे मिटून 'शरद' लिहीत. पंचांगाच्या हिशेबाने ते चुकीचे म्हणता येत नाही. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर येतात. पण त्या दिवसांत बालाघाटाच्या डोंगरावर जाऊन पाहा. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला असतो, झाडे भरगच्च हिरवी, सीताफळे पिकलेली, फक्त गवत तेवढे पिवळे पडायला लागलेले. आपल्याकडे पाने झडतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तिकडची झाडे थंडीला आणि आखूड दिवसांना भिऊन पाने टाकतात, आपली झाडे येणाऱ्या उन्हाळ्याला. पाणी पुरवून वापरायचे म्हणून पाने टाकून देतात. म्हणजे तिकडे जो प्रकार हिवाळ्याच्या तोंडावर, तो इकडे उन्हाळ्याच्या तोंडावर. मध्ये चार महिन्यांचे अंतर आहे.

आता गाडीचे. ज्यांनी ती पाहिली नाही अशा धाकट्या मंडळींसाठी थोडे सविस्तर सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर (जन्म १८५७) १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत इकडे आला. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण मुंबई-मद्रास मुख्य मार्ग तिच्यापासून वीसबावीस मैलांवरून निघून गेलेला. तिथल्या स्टेशनचे नावच बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. कॅलथ्रॉपने लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी अडीच फुटी गाडी सुरू केली. त्याची खरी युक्ती रुळांच्या रुंदीत नव्हती. कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालडबा, हे त्याने ठरवून टाकले. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल स्वस्तात झाले, आणि तरीही लीड्सच्या किटसन कारखान्यातली आठ जोडचाकांची दांडगी इंजिने त्यावर धावली. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्याचे पॅराशूट तयार केले आणि त्याला 'गार्डियन एंजल' हे नाव दिले. एकाच डोक्यात काय काय मावते पाहा!)

१९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९०७ मध्ये दुसऱ्या अंगाने घाट चढून तडवळ्यापर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. बार्शीच्या पुढे गेले की निजामाचे राज्य लागे. आपला जिल्हा तेव्हा त्या राज्यात, लातूरही आपल्याच जिल्ह्यात. ते वेगळे झाले १९८२ ला. गंमत अशी की जिल्ह्याच्या गावाला ही गाडी कधीच शिवली नाही. धाराशिवच्या माणसाला गाडी धरायची तर सुमारे वीस किलोमीटरवर येडशीला जावे लागे. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने कंपनी विकत घेतली. पुढे वाफेची इंजिने जाऊन डिझेल आली, आणि २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज होऊन धाराशिव शहरातून गेला. गाडी शेवटी दारात आली, पण ती आली तेव्हा अडीच फुटी राहिली नव्हती.

आता भाच्याचा मापाचा हिशेब, कारण झाडांचे सगळे त्यावर आहे. छोट्या गाड्यांचे जे सर्वांत प्रचलित माप आहे, एचओ, त्यात एकास सत्त्याऐंशी असे प्रमाण धरतात. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, ८.७६ येतात. बाजारात ९ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. पाव मिलिमीटरचाही फरक नाही! ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या डोंगरी गाड्या पुष्कळ, त्यामुळे तिकडच्या शौकिनांनी हे जुळवून ठेवले होते. बार्शी लाईटला ते आयते मिळाले. रुळांचे हे असे आयते जमले. झाडांचे जमत नाही, कारण झाडांच्या कारखानदारांनी येडशीचा विचार केलेला नाही.

त्यांनी कोणता विचार केला हा इतिहास मोठा मजेदार आहे. जर्मनीच्या मार्क्लिनने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आगगाडीचा खेळ मांडला, तेव्हा झाड म्हणजे पत्र्याचा रंगवलेला तुकडा असे. गाडी हाच खेळ, बाकी शोभा. दृश्यालाही गाडीइतकीच किंमत आहे हे ज्यांनी मनावर घेतले त्यांत इंग्लंडचा जॉन आहेर्न पुढे होता. त्याने मॅडर व्हॅली नावाचा एक कल्पित प्रदेश उभा केला आणि १९५१ मध्ये छोटी निसर्गदृश्ये कशी करावीत यावर पुस्तकच लिहिले. पुढे उत्तरेकडच्या थंड मुलखातली दगडफुलासारखी शेवाळी वनस्पती रंगवून झाडे म्हणून विकायला आली, मग स्पंजचा चुरा आला, आणि १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या वुडलँड सीनिक्सने तर पाकिटेच बांधली: उन्हाळी हिरवा, गडद हिरवा आणि 'फॉल' मिश्रण. भाच्याचा खोका याच घराण्यातला. अमेरिकेच्या ईशान्येला शुगर मेपल पुष्कळ. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा असला की त्याच्या पानांत लाल रंग तयार होतो. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र नव्याने बनावा लागतो. सबंध डोंगर एका पंधरवड्यात पेटल्यासारखा होतो. पाकीट तयार करणाऱ्याने खिडकीतून जे दिसले तेच पाकिटात भरले. त्यात त्याचा काय दोष?

पण या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला माणूस वेगळाच. रॉय इंग्लंड नावाचा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आला. त्याच्या डोळ्यांदेखत व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली गवती छपराची घरे पडत होती, नवी बेढब होत होती. थांबवणे त्याच्या हाती नव्हते. मग त्याने ती घरे मोजून, रंग टिपून, लहान करून ठेवायला घेतली. घराबरोबर परसबाग, भिंतीवरचा वेल, रस्त्याकडेचे झाड, सगळे. १९५४ मध्ये त्यातून पेंडन म्युझियम उभे राहिले आणि आहेर्नची मॅडर व्हॅलीही पुढे तिथेच सुखरूप पोचली. बार्शी लाईटचे फोटो काढायला परदेशी शौकीन पुष्कळ येऊन गेले, पण त्यांचा डोळा इंजिनावर. झाड आले तर कोपऱ्यात, अर्धे कापलेले. इंजिनाचे नकाशे कुठेतरी मिळतील हो, पण फाटकापाशी लिंब होता की बाभूळ, हे कारखान्याच्या नकाशात थोडेच असते?

आपल्याकडे हे वेड अगदीच नाही असे समजू नका. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झाले. नातवंडांना घेऊन अवश्य जावे. आणि त्याच्याही आधीपासून आपल्या पोरांचे दिवाळीतले किल्ले आहेतच की! दगड, माती, गोणपाट, आणि वर अळीव पेरून चार दिवसांत उगवलेले रान. बारकाईने पाहिलेत तर त्या किल्ल्यांचा ऋतू अचूक असतो. दिवाळी शरदातली, डोंगर हिरवा, आणि पोरांनी तो हिरवाच केलेला. कुणी त्यांना शिकवले नाही.

तर आता येडशी. रामलिंगाच्या घळीभोवतीचे ते रान १९९७ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले. माघात तिथे गेले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की प्रत्येक झाडाचे पंचांग वेगळे. सागाची पाने तपकिरी होऊन खडखडत खाली येत असतात. धावडा तांबूस झालेला असतो (आपल्याकडे लालीच्या सर्वांत जवळ जाणारे झाड हेच, पण ती लाली जुन्या तांब्याच्या हंड्याची, मेपलची नव्हे). सीताफळीची पाने पिवळी पडून विरळ. पळस उघडाबोडका, आणि त्या उघड्या फांद्यांवर केशरी फुले. लिंब पिवळा पडून गळतो आहे, कारण पाडव्याला त्याला कोवळी पालवी आणि फुलोरा द्यायचा आहे. उशीर करून चालत नाही. आणि या सगळ्यांच्या मध्ये चिंच गडद हिरवी, बाभळीला काहीच पडलेले नाही, आंब्याला मोहोर. बोडके झाड आणि हिरवे झाड शेजारी शेजारी. तिकडे अख्खी टेकडी एका सुरात गाते, इकडे ज्याचा त्याचा वेगळा ठेका. म्हणून पंचवीस झाडे एका खोक्यातून येणे हेच मुळात येडशीला जमणारे नाही.

यात एक फायदाही आहे. प्रत्येक झाडाची तारीख वेगळी म्हटल्यावर नुसती झाडे पाहून दिवस ओळखता येतो. लिंब गळतो आहे पण पिंपळाला तांबूस पालवी अजून नाही, पळसाच्या फुलांची नुकती सुरुवात आहे: म्हणजे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. आषाढीची गर्दी दाखवायची असेल तर सगळे हिरवे करा. कार्तिकीची गाडी असेल तर झाडे हिरवी आणि गवत पिवळे. पानगळ आणि पंढरीची ही गर्दी एकत्र दाखवलीत तर बघणारा वारकरी हसेल.

आता करायचे कसे. सगळ्यांत अवघड साग, आणि त्याचे कारण साधे त्रैराशिक आहे. लिंबाची पाकळी दोनअडीच इंच. ८७ ने भागली की पाऊण मिलिमीटरच्या आत, म्हणजे भुकटीच. तिथे स्पंजचा चुरा चालून जातो. पण सागाचे पान हातभर. चाळीस सेंटिमीटरचे धरले तर साडेचार मिलिमीटर होते. ते डोळ्यांना वेगळे दिसते, त्याची भुकटी करून भागत नाही. एकेक पान कापावे लागते. मी बरेच कागद पाहिले, पण कागद सपाट राहतो, आणि वाळलेले सागाचे पान कधी सपाट नसते, कडेला वळते. शेवटी स्वयंपाकघरातच सापडले: कांद्याची वरची वाळलेली साल. रंग तोच, शिराही उभ्या दिसतात, आणि आपोआप वळते. बारीक कात्रीने लांबट गोल तुकडे कापायचे आणि चिमट्याने चिकटवायचे. एका झाडाला दीडदोनशे पुरतात, कारण निम्मी पाने जमिनीवर आहेत. (आमच्या सौ.चे म्हणणे, निवृत्त माणसाला कांदे सोलायला लावायची ही बरी युक्ती सापडली.)

सांगाड्याला मला इथे सोपे पडते. वाळलेल्या पऱ्हाटीचे शेंडे हुबेहूब बोडक्या झाडासारखे फुटलेले असतात. वाळलेली तुळस त्याहून नाजूक, पण त्याला घरातून परवानगी मिळाली नाही, आणि बरोबरच आहे. भाच्याला पऱ्हाटी पाठवून उपयोग नाही, काड्या-बिया तिकडच्या कस्टममध्ये अडवतात. त्याच्याकडे रस्त्याच्या कडेला गोल्डनरॉड वाळून उभी असते, तिचे तुरे वापरावेत. नाहीतर जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळून खोड करावे, वर येत जाताना दोन-दोन तारा सोडत फांद्या फोडाव्यात. बारा मीटरचा लिंब १३८ मिलिमीटर होतो, साडेपाच इंच. खोडाला फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून लावला की साल होते. लिंबाचे खोड सरळ करू नका, आपल्याकडे गुरे आणि माणसे दोघेही लिंबाच्या फांद्या ओरबाडतात, त्यामुळे तो वाकडातिकडाच वाढतो.

रंगांविषयी एकच सांगतो. हळद वापरायचा मोह होतो, पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. रंगाच्या दुकानात पिवडी आणि गेरू मिळतात, ते मातीचे रंग, उडत नाहीत. लिंबाच्या पिवळ्याला पिवडी, धावड्याला गेरू आणि किंचित काजळी. पळसाची फुले मात्र तयार केशरी रंगातच बुडवावीत, अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, फांदीच्या शेंड्याकडे झुपक्यांनी. पळसाला एकही पान ठेवू नये.

जमिनीवरचा पाचोळा ही झाडाइतकीच महत्त्वाची गोष्ट, आणि तिथे खरी वाळलेली पानेच लागतात. मिक्सरमधून काढायची (जुन्या भांड्यात!), चहाच्या गाळण्याने चाळायची, बारीक ती झाडाखाली, जाड ती नाल्यात. युरोपात यासाठी बर्चच्या बारीक बिया वापरतात, त्या पानासारख्याच दिसतात म्हणे. पाचोळा सगळीकडे सारखा भुरभुरू नये. तो झाडाखाली गोल पडतो, मग वारा त्याला लोटत नेतो आणि खडीच्या कडेला, कुंपणाच्या पायाशी, नालीत साचवतो. रुळांच्या मध्ये पाचोळा नको, येणारीजाणारी गाडी तो उडवते. रुळांच्या कडेचा पट्टा थोडा जळका दाखवावा, वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी वाळले गवत पेटत असे. वाळल्या गवताला काथ्या बारीक कातरून घ्यावा. शेतात ज्वारीची धसकटे आणि कडब्याच्या गंज्या. ज्वारी पुरुषभर उंच, म्हणजे गंजीतली पेंढी वीसबावीस मिलिमीटरची. केरसुणीचे काप छान जमतात.

आणि तडवळे. तिथे भाच्याने कोणता दिवस धरावा याबद्दल माझा आग्रह आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. गावाच्या इतिहासातला एवढा मोठा दिवस दुसरा नसेल. पंचांग मांडून पाहिले: माघ वद्य, महाशिवरात्र दोनतीन दिवसांवर. म्हणजे शिशिराचा ऐन मध्य. तडवळे सपाटीवरचे गाव, तिथे रान नाही, तेव्हा साग आणि धावडा घाटातच राहू द्यावेत. इकडे लिंब, बाभूळ, चिंच आणि बांधावर एखादा पळस. त्या मेपलच्या खोक्यातले एकही झाड इथे उभे राहता कामा नये, कारण ते उभे राहिले तर तो दिवस तडवळ्याचा उरत नाही, भलत्याच देशातला होतो. लिंब करावेत ते अर्धे गळलेले, शेंड्याला पिवळे, आणि खाली गर्दीच्या पायांनी चुरलेला पाचोळा. लोक उन्हात उभे राहिले असतील तर सावली कुठे होती? गळत्या लिंबाखाली फारशी नाही. चिंचेखाली. म्हणून माणसे चिंचेकडे सरकवावीत.

वाचकांपैकी कुणाच्या घरी येडशी, रामलिंग, तडवळे, ढोकी, मुरूड इकडचे १९६०-७० चे फोटो असतील, लग्नाच्या वऱ्हाडाचे, सहलीचे, स्टेशनात काढलेले, तर जरूर कळवा. फोटोत इंजिन नसले तरी चालेल. मागे झाड असावे, आणि पाठीमागे महिना लिहिलेला असला तर फारच उत्तम.